आधी विंडोजचा मिक्सर बाजूला करा

नवा डॅक (संगणकातल्या डिजिटल आवाजाचं हेडफोन-स्पीकरला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) घेतलात, आता ड्रायव्हर कुठला टाकू म्हणून अडला आहात ना? घाई नको. विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (यूएसबीवरून आवाज पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचा) ड्रायव्हर आतच असतो, त्यामुळे बरेच डॅक नुसते जोडले की चालतात. चालला नाही, तरच कंपनीचा ड्रायव्हर टाका.

खरी गोम मिक्सरमध्ये आहे, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करणाऱ्या विंडोजच्या भागात. सीडीवरचं गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, साउंड सेटिंगमध्ये ४८ निवडलेलं असेल, तर विंडोज प्रत्येक नमुना नव्याने मोजून पुढे पाठवतं. हे टाळायला प्लेयरच्या आउटपुटमध्ये डॅकच्या नावापुढे 'वासापी एक्सक्लुझिव्ह' (WASAPI Exclusive, मिक्सर वगळून आवाज थेट डॅककडे नेणारी वाट) निवडा. मग डॅक एकट्या प्लेयरच्या ताब्यात जातो, आणि गाणं चालू असताना ब्राउझरमधला व्हिडिओ मुका होईल. घाबरू नका, तेच हवं आहे! डॅकवर नमुन्यांचा दर दिसत असेल तर तिथे ४४.१ उमटलं की जमलं.

आसिओ (ASIO) या दुसऱ्या प्रकारच्या ड्रायव्हरच्या मागे मात्र लागू नका. तो स्टाइनबर्गने रेकॉर्डिंगवाल्यांसाठी काढला, आवाज कमीत कमी उशिराने यावा म्हणून. ऐकणाऱ्याला त्या उशिराचं काय? उलट मध्येच टक-टक ऐकू आलं, तर प्लेयरच्या सेटिंगमधला बफर (पुढचा आवाज आधीच साठवून ठेवायची जागा) वाढवा.