क्लक्सटनची किकआउट आणि जुन्या क्लिपा: प्रश्नोत्तरे

डब्लिन काउंटीच्या गेलिक फुटबॉल संघाकडून खेळलेला गोलकीपर स्टीफन क्लक्सटन आणि त्याची किकआउट, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला गोलकीपर मारतो ती किक, याबद्दल आयर्लंडमधल्या मराठी पालकांचे तेच तेच प्रश्न येत राहतात. म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: त्याची ऑल-आयर्लंड (काउंटी संघांची वार्षिक स्पर्धा) विजेतेपदं आठ की नऊ?

नऊ: 2011, 2013, 2015 ते 2020 सलग सहा आणि 2023. त्यांतली सात कर्णधार म्हणून.

प्रश्न: इतक्या वर्षांत पैसा किती मिळाला असेल?

गेलिक फुटबॉल हौशी खेळ आहे, पगार नसतो. तो शाळेत विज्ञान शिकवायचा.

प्रश्न: 2011 च्या अंतिम सामन्यात गोलकीपरने विजयी गुण मिळवला, हे नियमात बसतं?

बसतं. फ्री किक संघातला कोणीही घेऊ शकतो. तेव्हाच्या नियमाने गोलच्या आडव्या दांडीवरून गेली तर एक गुण, खालून जाळ्यात गेली तर गोल, म्हणजे तीन. केरी काउंटीविरुद्ध बरोबरी असताना शेवटच्या क्षणी त्याने डाव्या पायाने ती वरून मारली: 1-12 (1 गोल, 12 गुण) विरुद्ध 1-11. नशीब म्हणू नका. त्या मोसमात लांबच्या फ्री किक तोच घ्यायचा.

प्रश्न: मुलगा 14 वर्षांचा आहे. क्लिपा बघून क्लक्सटनसारखी जवळची किकआउट मारतो. चालेल ना?

या क्लिपांनीच घोळ घातलाय. पूर्वी कीपर चेंडू उंच, मधल्या फळीकडे भिरकावायचा आणि तो कोणाला मिळेल याचा भरवसा नसे. क्लक्सटन चेंडू पटकन टीवर (चेंडू ठेवायचा छोटा आधार) ठेवायचा आणि प्रतिस्पर्धी जागेवर येण्याआधी, धावत सुटलेल्या बचावपटूच्या पुढ्यात द्यायचा. क्लिपेत पाय दिसतो, पण खरं काम ती धाव करते. धाव नसेल तर क्लक्सटनचंही चालत नाही: 2016 च्या उपांत्य सामन्यात केरीने पुढे येऊन त्याचे साथीदार घेरले, त्याच्या किकआउट अडवल्या आणि मध्यंतराआधी दोन गोल केले. डब्लिन शेवटी 0-22 विरुद्ध 2-14 असं जिंकलं, पण तो पहिला अर्धा भाग मुलाला जरूर दाखवा.

शिवाय मोठ्यांच्या खेळात 2025 पासून नियम बदललाय. किकआउट 20 मीटरच्या रेषेवरून घ्यायची आणि चेंडू गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेर गेलाच पाहिजे. म्हणजे ती जवळची किक आता चालतच नाही. सरावात कमानीबाहेर दोन साथीदार उभे करा, दोघांनी वेगवेगळ्या दिशांना पळायचं, मुलाने मान वर ठेवून मोकळा कोण ते निवडायचं. एकट्याने भिंतीवर चेंडू मारून ही निवड शिकता येत नाही. मुलाच्या वयोगटाला नेमका कोणता नियम लागू आहे ते क्लबच्या प्रशिक्षकाला याच आठवड्यात विचारा.

प्रश्न: ‘चॅम्पियन कीपर ग्रिप’ची महागडी हातमोज्यांची जाहिरात पाहिली. घ्यावेत?

नाही. मोजे मापाचे हवेत, बोटांच्या टोकाशी जागा मोकळी राहायला नको. जाहिरातीतल्या नावाने पकड येत नाही. आधी माउथगार्ड घ्या, तो सक्तीचा आहे. मोजे प्रशिक्षकाला दाखवूनच निवडा.

प्रश्न: लांब किका मारून मुलाच्या जांघेत तीन आठवडे दुखतंय. एका ओळखीच्यांनी सांगितलं, खेळून खेळून मोकळं होईल.

ओळखीच्यांचं ऐकू नका. जमिनीवर ठेवलेला चेंडू पुन्हा पुन्हा पूर्ण ताकदीने मारला की मांडीच्या आतल्या स्नायूंवर ताण साचतो, आणि वाढत्या वयात स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो ती जागा कच्ची असते. तीन आठवडे म्हणजे आधीच उशीर झालाय. किका आजपासून बंद, आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवा. लंगडत असेल किंवा रात्री दुखत असेल तर उद्यावर टाकू नका.