चकलीचे काटे आणि रोबोचं शिंग

ताई,

आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. इंदिरानगरला वन बीएचकेमध्ये राहतो. सासूबाई सहा महिने आमच्याकडे, सहा महिने सिन्नरला मोठ्या दिरांकडे असतात. नवरा अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मी दिवसा पतसंस्थेत जाते आणि चार वर्षांपासून घरून फराळाच्या ऑर्डरी घेते.

नवऱ्याला जपानी रोबोंचं वेड आहे. गंडम नावाची मालिका त्याने डिप्लोमाला असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर पाहिली, तेव्हापासून. त्यातल्या रोबोंची मॉडेलं जोडत बसतो. शिफ्टवरून आला की डायनिंग टेबल त्याचं. यंदा धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी चकलीच्या भिजवलेल्या भाजणीत मला प्लॅस्टिकचा तुकडा सापडला. चार किलोची ऑर्डर होती. सगळं पीठ फेकलं आणि रागाच्या भरात त्याचा खोका माळ्यावर भिरकावला. एका रोबोचं शिंग मोडलं. तो काहीच बोलला नाही. तेव्हापासून तो गॅलरीत बसतो, मी स्वयंपाकघरात. दूधवाल्याचे पैसे दिले का, एवढंच बोलणं. सासूबाई म्हणतात, "घरात लेकरू असतं तर खेळणी त्याच्या हातात असती, बापाच्या नाही." मागच्या महिन्यात साडेसहा हजारांचा नवा खोका आला, तोही मला न सांगता. माझ्या कशातच त्याचं लक्ष नाही, आणि असतं ते नको तिथे. माझ्या सोऱ्याची चकतीसुद्धा न विचारता कानशीने घासून ठेवली होती. छत्तीस वर्षांच्या माणसाने खेळण्यांत रमावं का? की मीच चुकतेय?

नाव छापू नका, नाशिक

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटाकडच्या एका ओळीशी थांबले. तिच्याकडे येतेच. आधी तो भाजणीतला तुकडा, कारण त्या बाबतीत तू पूर्ण बरोबर आहेस आणि हे तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

विकायचं अन्न म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांच्या तोंडात जाणारं अन्न. चार किलोचं पीठ फेकलंस ते योग्यच केलंस. दिवाळीच्या तोंडावर, रात्र पुढ्यात असताना, दुसरी कुणी असती तर तुकडा उचलून तशीच चकली पाडायला बसली असती. तू बसली नाहीस. घरून पदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती तू केली आहेस असं मी धरते. नसेल तर आता उशीर करू नकोस. ज्या टेबलावर पीठ भिजतं तिथे कानशीची भुकटी चालणार नाही, हे नवऱ्याला शांतपणे सांगायचा तुला हक्क आहे. आणि त्याच्या कामात यावर उपायही आहेत. तुकडे कापताना खाली काठाचा ट्रे ठेवायचा. पॉलिश पेपर ओला करून घासलं की भुकटी उडत नाही. शेवटी तो रंगाचा किंवा मॅट कोटिंगचा स्प्रे मारत असेल, तर शेगडी पेटलेली असताना घरात अजिबात नाही. तो स्प्रे पेट घेतो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत टेबल फक्त तुझं, हे त्याने निमूट मान्य करायला हवं.

खोका भिरकावणं मात्र वेगळं. ते तुकड्यामुळे झालं नाही, ते नऊ वर्षांच्या कशामुळे तरी झालं.

तू 'खेळणी' म्हणतेस. मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. माझा भाचा याच नादातला, त्याला बसवून विचारलं. ती मालिका जपानमध्ये १९७९ साली लागली. तेव्हा फार चालली नाही, ठरलेल्या वेळेआधीच गुंडाळावी लागली. मग पुन्हा दाखवली गेली, १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातल्या रोबोंची मॉडेलं काढली आणि मग त्या वेडाने जो जोर धरला तो आजपर्यंत. गोष्टीतला रोबो १८ मीटर उंच आहे. एकास १४४ या प्रमाणात तो साडेबारा सेंटीमीटरचा होतो, म्हणजे वीतभरही नाही. गोंद लागत नाही, भाग एकमेकांत बसतात. सगळे भाग एका चौकटीला चिकटून येतात. ते एका फटक्यात कापायचे नसतात. पहिला काप थोडा लांबून, दुसरा अगदी कडेला, नाहीतर प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग खाचांमधून केसाएवढी शाईची रेघ. भाच्याने मला एक गुडघा दाखवला. गुडघाच फक्त. त्यावर त्याची एक संध्याकाळ गेली होती.

आता तुझे अनारसे आठव. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गुळात मळून डब्यात मुरवत ठेवायचे. मग खसखशीवर थापून मंद तुपात एकाच बाजूने तळायचे, वरून झाऱ्याने तूप उडवत. एवढं करून पिठात गूळ जरा जास्त झाला की अनारसा हसतो आणि कढईत त्याचा भुगा. हसलेल्या अनारशापुढे उभी राहिलेली बाई मला माहीत आहे, मी ती कितीदा झाले आहे. त्या क्षणी कुणी म्हणालं, "अगं, विकत मिळतात की, कशाला एवढा खटाटोप," तर काय वाटतं? तुझ्या नवऱ्याला 'खेळणी' हा शब्द ऐकून तसंच वाटतं. तुम्ही दोघं एकाच जातीची माणसं आहात. बारकाव्याची. एका घरात राहून तुम्हाला हे एकमेकांबद्दल कळलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट आहे. १९११ च्या एप्रिलमध्ये ते मुलाला घेऊन गिरगावात सिनेमा पाहून आले. पोराने घरी येऊन पडद्यावर प्राणी हलताना पाहिले असं सांगितलं, कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा फाळके दुसऱ्याच दिवशी पत्नी सरस्वतीबाईंसह सगळ्यांना तिथे घेऊन गेले. पुढे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यामागे सरस्वतीबाईंची रात्रीची जागरणं होती. त्यांनी फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, दागिनेही दिले. ही गोष्ट बायकांना 'सोसा' म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगायची नाही. नवऱ्याच्या नादापायी दागिने दे, असं मी कुणालाच म्हणणार नाही. मला त्यात ते दुसऱ्या दिवशी बरोबर नेणं मोठं वाटतं. काय बघून हा माणूस वेडा झाला, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या नवऱ्याने तुला कधी "चल, दाखवतो" म्हटलं नाही. तूही कधी "दाखव" म्हणाली नाहीस.

आता ती ओळ. "माझ्या सोऱ्याची चकतीसुद्धा न विचारता कानशीने घासून ठेवली होती."

पितळी चकती वर्षानुवर्षं वापरली, कुठे आपटली, की चांदणीच्या टोकांशी कड वर येते. मग चकलीचा काटा सरळ उठत नाही, फाटतो. हे तुझ्या नवऱ्याने कधी पाहिलं असेल? तू पीठ दाबत होतीस तेव्हा. तो टेबलाच्या पलीकडे बसून रोबो घासत होता असं तुला वाटलं, पण त्याची नजर चकलीवर होती. दिवसभर कारखान्यात सुट्या भागांची कड तपासणारा माणूस तो, फाटलेला काटा त्याला दिसल्याशिवाय राहणार नाही. "चकली छान झाली" हे त्याला म्हणता आलं नाही. त्याने त्याची कानस घेतली, ज्या कानशीने तो आपल्या लाडक्या रोबोच्या कडा नीट करतो तीच, आणि तुझी चकती नीट केली. तू आदल्याच वाक्यात लिहितेस की तुझ्या कशातच त्याचं लक्ष नाही.

विचारायला हवं होतं, हे खरं. सोऱ्या तुझं हत्यार आहे. (चकती नंतर गरम पाण्याने नीट धुतलीस ना, तेवढं बघ.) पण ते लक्षच होतं, मुली. बोलून न दाखवलेलं, म्हणून तुझ्यापर्यंत न पोचलेलं.

आमच्याकडे क्रिकेट होतं. हे रेडिओला कान लावून वहीत स्कोअर लिहायचे. पंधरा वर्षं मी त्या वहीवरून नुसतं फडकं फिरवलं. एकदा दिवे गेले होते, करायला काही नव्हतं, म्हणून विचारलं, हा एम कसला? तर ज्या षटकात धाव निघत नाही त्याचे सहा ठिपके रेघांनी जोडले की एम होतो, मेडनचा. एवढंच होतं ते. पण त्या दिवसापासून षटक संपलं की हे मान वर करून मला सांगायला लागले. आणि महिनाभराने एकदा जेवताना म्हणाले, "आज आमटीत चिंच नाही, आमसूल आहे." लग्नानंतर इतक्या वर्षांत आमटीबद्दल 'छान'च्या पलीकडे काही बोललेले ते तेव्हा पहिल्यांदा. मी क्रिकेटची भक्त झाले नाही. तूही रोबोंची होऊ नकोस, नाटक लगेच कळतं. एक खरा प्रश्न विचार फक्त.

शिंगाबद्दल माफी माग. ती मागताना 'पण' नको, भाजणीचं बोलणं दुसऱ्या दिवशी. खोका दोघांनी मिळून उतरवा. शिंग स्वतः चिकटवायला जाऊ नकोस. साधा झटपट गोंद लावला तर आजूबाजूला पांढरी साय धरते. त्याला वेगळं प्लॅस्टिक सिमेंट असतं, ते त्याच्याकडे असेल. तू दोन्ही तुकडे धर, तो लावेल.

पैशांचं फार लांबवत नाही. दोघांनी महिन्याला एकेक आकडा ठरवा, त्यात कुणी कुणाला विचारायचं नाही. त्यापलीकडचा खर्च आधी सांगून. आणि फेकलेल्या भाजणीचे पैसे त्याने तुला द्यायचे. तो तुझा धंदा आहे.

सासूबाईंच्या वाक्याने मात्र माझ्याच पोटात कालवलं. तुम्हाला मूल हवं असून झालं नाही, की तुम्ही नको म्हणून ठरवलंत, की अजून ठरायचंय, हे तू लिहिलं नाहीस आणि मी विचारणार नाही. ते तुमचं दोघांचं आहे. पण ते वाक्य एकट्या तुला लागलं असं समजू नकोस. त्यात 'बाप' हा शब्द आहे, तो त्याच्यासाठी होता. तो गॅलरीत गेला तो शिंगामुळे गेला की त्या शब्दामुळे, हे तुला तरी कुठे ठाऊक आहे? थंडीच्या दिवसांत रात्री अकराला गॅलरीत पंजे चोळत कुणी रागापोटी बसत नाही. त्याला घरात बोलव. हॉलच्या खिडकीशी घडीचं टेबल मावेल, एक दिवा लावून दे. मग एकदा, सासूबाई झोपल्यावर, त्याला विचार की आईंचं बोलणं त्याला कसं लागलं. उत्तर लगेच येणार नाही. थांब. आणि आईशी बोलायचं काम त्याचं आहे, तुझं नाही. "आई, हे परत म्हणू नकोस," एवढंच त्याने म्हणावं, पण तुझ्यासमोर म्हणावं. सासूबाईंनाही काही सुचत नाही म्हणून त्या बोलतात. त्यांचं दुःख त्यांच्यापाशी असेल. त्यासाठी तुम्ही रोज ओरखडे घ्यावेत असं नाही.

या रविवारी ऑर्डर घेऊ नकोस. सकाळी दोघं मिसळ खायला जा. पापड मोडताना शिंग, आई, पैसे, काही काढू नका. घरी आल्यावर म्हण, "एक हात मला जोडू दे." तुझा दुसरा काप चुकेल, पांढरा डाग उमटेल, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघ. तो तुझ्या हातातून निपर, म्हणजे ती कापायची पक्कड, घेऊन कसं धरायचं ते दाखवेल, आणि कदाचित नऊ वर्षांत पहिल्यांदा सलग दहा मिनिटं बोलेल. पुढच्या वेळी अनारसे करशील तेव्हा झारा त्याच्या हातात दे. एखादा हसू दे.

मोडलेलं शिंग जोडून सुकत असताना चकतीचं विचार. तुला काटा फाटलेला कधी दिसला, असं विचार. आणि यंदाच्या चकल्यांचे काटे कसे उठले होते, ते मला नक्की लिहून कळव.

तुझी ताई