एस्टोनिया सोव्हिएत संघातून फुटून इतक्या लवकर श्रीमंत कसा झाला? डिजिटल सरकारमुळेच ना? आणि आपण तिथली ई-रेसिडेन्सी (परदेशी माणसाला मिळणारं डिजिटल ओळखपत्र) घ्यावी का?

डिजिटल सरकारमुळे नाही. सरकारी खात्यांच्या नोंदी जोडणारी तिथली एक्स-रोड ही यंत्रणा २००१ ची, चिपचं ओळखपत्र २००२ चं. तोवर अवघड काम होऊन आठ-नऊ वर्षं लोटली होती. दर वेळी लोक कळसाचा फोटो टाकतात आणि पाया विचारला की "छोटा देश आहे हो" म्हणून मोकळे होतात. या वाक्याचा मला मनस्वी कंटाळा आहे, त्याच्याकडे येतोच.

१९९२ च्या सुरुवातीला देश स्वतंत्र होता, पण चलन रूबलच. सरकारी भाव उठवले तशी महागाई भडकली, नोटा मात्र मॉस्कोत छापल्या जायच्या आणि पुरेशा यायच्याच नाहीत. पगाराला रोकड नाही अशी गत. नाणेनिधीचा सुरुवातीचा सूर 'रूबल सोडायची घाई नको' असाच होता. तरीही पंतप्रधान तीट व्हाही, मध्यवर्ती बँकेचे प्रमुख सीम कल्लास आणि स्वीडनमधले एस्टोनियन अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ यालाकास या तिघांच्या समितीने स्वतःचा क्रोन आणला.

२० जून १९९२, पहाटे ४ पासून क्रोन अधिकृत. अदलाबदलीला तीन दिवस. रहिवाशांच्या याद्या आधीच तयार होत्या. यादीतल्या माणसाला १,५०० रूबल १० ला १ या दराने बदलून मिळायचे, म्हणजे हातात १५० क्रोन, साधारण पावणेएकोणीस जर्मन मार्क. त्यावरच्या रोकडीला दर थेट ५० ला १. सर्वसामान्यांच्या बँकेतल्या ठेवींना मात्र १० ला १ च. मेख इथेच आहे. मर्यादा रोकडीला होती, कारण भीती शेजारून येणाऱ्या रूबलच्या पोत्यांची होती. याद्या नसत्या, तर बाहेरच्यांनी रूबलचे कागद टाकून क्रोन घेतले असते आणि त्यांचे मार्क करून नेले असते.

याला नोटबंदी म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: नोटा आधी ब्रिटन-अमेरिकेतून छापून आलेल्या होत्या, मग रूबल बाद झाला. आपल्याकडे २०१६ मध्ये २,००० ची नोट एटीएमच्या खणात बसत नव्हती. (५ क्रोनच्या नोटेवर बुद्धिबळपटू पॉल केरेस होता. राजकारणी न निवडण्याचा शहाणपणा मला फार आवडतो.)

पण नोट बदलणं सोपंच असतं, तिची किंमत टिकवणं अवघड. त्यासाठी करन्सी बोर्ड. ८ क्रोन म्हणजे १ मार्क, हा दर कायद्यात लिहिला आणि अवमूल्यनाचा अधिकार बँकेकडे ठेवलाच नाही. तिजोरीत मार्क आला तरच नवा क्रोन बाहेर पडणार. सरकारला उसनं द्यायची बंदी, त्यामुळे अर्थसंकल्पातली तूट नोटा छापून भरायची सोय संपली. सुरुवातीचं तारण १९४० आधी, म्हणजे सोव्हिएत संघाने देश गिळण्यापूर्वी, परदेशात ठेवलेलं सुमारे ११ टन सोनं. त्यातलं ब्रिटनमधलं ब्रिटनने साठच्या दशकात विकून टाकलेलं, स्वीडनमधलं स्वीडनने १९४० मध्येच सोव्हिएत संघाला दिलेलं. १९९२ मध्ये दोघांना भरपाई करावी लागली.

या व्यवस्थेचं दुखणं एकच: बँक बुडायला लागली तर तिला वाचवायला नोटा छापता येत नाहीत. पाच महिन्यांत नेमकं तेच झालं. नोव्हेंबर १९९२ मध्ये तीन मोठ्या बँकांचे व्यवहार गोठवले. दोघींचे पैसे मॉस्कोच्या व्नेशेकोनोमबँकेत, म्हणजे सोव्हिएत काळातल्या परकीय व्यवहारांच्या सरकारी बँकेत, अडकले होते. त्यांचं विलीनीकरण करून सरकारने रोखे दिले. तिसरी, तार्तू कमर्शियल बँक, स्वतःच्या कारभाराने बुडाली होती. तिला बुडू दिलं, ठेवीदारांचे पैसे गेले. निर्दयी होतं ते, पण त्यानंतर 'सरकार बघून घेईल' या हिशोबावर कर्ज वाटायची हिंमत बँकांना राहिली नाही. माझ्या मते एस्टोनियाचं वळण हेच. १९९४ च्या सरसकट २६ टक्के आयकराला लोक देतात तेवढं श्रेय मी देणार नाही.

कारखाने विकतानाही खासगीकरण संस्थेने निविदा काढून रोख किंमत, गुंतवणूक आणि नोकऱ्यांची हमी बघितली. लोकांना व्हाउचर, म्हणजे सरकारी मालमत्ता घ्यायची कुपनं दिली, पण ते व्हाउचर मुख्यतः राहती घरं घेण्यात खपले. रशियाने व्हाउचरवर कारखाने वाटले, ते कुणाच्या हाती साचले हे सांगायला नको.

आता "छोटा देश". सोव्हिएत संघातूनच फुटलेला मोल्दोवाही छोटाच आहे, तो काही श्रीमंत झाला नाही. लोकसंख्या कमी असल्याने याद्या करणं सोपं गेलं, एवढंच मान्य. क्रोनचा दर मात्र युरो येईपर्यंत हलला नाही: २०११ मध्ये १ युरोला १५.६४६६ क्रोन, म्हणजे १.९५५८३ मार्कांची आठपट. मधे २००९ ला अर्थव्यवस्था १४ टक्क्यांच्या आसपास आक्रसली, तरी त्यांनी पगार कापले, दर नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी भक्त ठरेन. फिनलंड-स्वीडनचा शेजार आणि त्यांचं भांडवल हे नशीब होतं. रशियन भाषकांपैकी बहुतेकांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही, त्यामुळे १९९२ च्या निवडणुकीत मोठा वर्ग मतदानाबाहेर राहिला. रशियाच्या सीमेवरच्या नार्व्हा शहरातली क्रेनहोल्म कापडगिरणी २०१० मध्ये दिवाळखोर झाली. तिथल्या कामगाराचं दुःख गिरणगावाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आणि सुधारकही काही देव नव्हते. गोळा झालेले रूबल रशियाला द्यायचे होते. १९९२ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान झालेल्या मार्ट लार यांच्या सरकारने त्यातले २.३ अब्ज गुपचूप रशियापासून फुटू पाहणाऱ्या चेचन्याला विकले. ते फुटलं आणि सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार पडलं, कारणं इतरही होती.

राहिली ई-रेसिडेन्सी. तिने नागरिकत्व, व्हिसा किंवा तिथलं करनिवासित्व (तिथला करदाता रहिवासी असा दर्जा) यातलं काहीच मिळत नाही. कंपनी ऑनलाइन काढता येते आणि नफा वाटेपर्यंत कंपनीला तिथे आयकर नाही, हे खरं. पण सगळे निर्णय तुम्ही पुण्यात बसून घेणार असाल, तर आपलं आयकर खातं त्या कंपनीला भारतीय निवासी धरू शकतं. आधी सीएला विचारा, कार्डाचे पैसे नंतर भरा.