कलाकारांना पैसे देणाऱ्या संस्थेत नोकरी असते का?

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात : ‘मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेचं मागचं सगळं तीच बघते : पैसे, गाडी, परवानग्या. आता म्हणते, नाटकात काम करायचं नाही आणि सी.ए.ही व्हायचं नाही. कलाकारांना पैसे देणाऱ्या फाउंडेशनमध्ये नोकरी करायची. अशी नोकरी खरंच असते, की हा नाटकात शिरायचा मागचा दरवाजा? तिच्या वडिलांचा बँकेचा आग्रह आहे.’

सप्रेम नमस्कार ताई,

असते. पण जागा मोजक्या, जाहिरात क्वचित निघते, आणि काम मुलीला वाटत असेल त्याहून बरंच कागदी असतं.

टाटांचे ट्रस्ट जुने आहेत. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. मात्र तिथे आरोग्य, शिक्षण, पाणी अशी मोठी कामं असतात आणि कला त्यातला एक कोपरा. मुंबईचं इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन तरुण कलाकारांना पुरस्कार आणि शिष्यवृत्त्या देतं. पणजीला डिसेंबरात महोत्सव भरवणारं सेरेंडिपिटी आर्ट्स फाउंडेशन २०१६चं. निव्वळ कलेसाठी देशभर अनुदान देणारी संस्था म्हटली, की पहिलं नाव बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. स्थापना १९९३ची, अनुदानं १९९५पासून. संशोधन, कलाप्रयोग, शाळेतलं कलाशिक्षण, संग्रहालयं असे त्यांचे वेगवेगळे कार्यक्रम आहेत. तिथे प्रस्ताव इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतही पाठवता येतो. याचा अर्थ मुलीला सांगा : मराठीत आलेला प्रस्ताव वाचून त्यातलं कसदार काय आणि नुसतं शब्दबंबाळ काय हे ओळखणारी माणसं अशा संस्थांना लागतात.

कंपन्यांच्या सीएसआरचाही, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी कराव्या लागणाऱ्या खर्चाचाही, एक रस्ता आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला, हस्तकला आहेत. प्रत्यक्षात बहुतेक पैसा शाळा आणि दवाखान्यांकडे जातो. तालमीसाठी पैसे मागायला गेलात, की ‘लाभार्थी किती?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचं सरळ उत्तर नाटकवाल्यांकडे सहसा नसतं.

आता काम. अनुदान देणाऱ्या संस्थेतला कार्यक्रम अधिकारी दिवसभर कलाकारांशी गप्पा मारत बसत नाही. तो प्रस्ताव वाचतो, अर्जदाराला फोन करून शंका विचारतो, बाहेरच्या जाणकारांची मतं मागवतो, निवडलेल्यांचे करार करतो, हप्ते सोडतो, अहवाल आणि हिशोब आला नाही की पाठपुरावा करतो. आणि नकार कळवतो. अर्ज खूप, पैसे थोडे, त्यामुळे नकारांचीच संख्या जास्त. ज्या दिग्दर्शकाचं काम आपल्याला मनापासून आवडतं त्याला नाही म्हणायची वेळही येतेच.

उदाहरणादाखल एक अंदाजपत्रक घ्या. तालमीच्या हॉलचं भाडं, वादकांचं मानधन, सेटचं लाकूड, टेम्पो आणि शेवटी ‘इतर खर्च – ४०,०००’. अनुभवी नजर आधी त्या शेवटच्या ओळीवर जाते. मग लक्षात येतं, की दिग्दर्शकाने स्वतःचं मानधन लिहिलेलंच नाही, मागायला लाज वाटली म्हणून. हे दोन्ही बिनबोभाट दुरुस्त करून घेणं हीच या नोकरीतली खरी कारागिरी. तुमच्या मुलीने एकांकिकेच्या टेम्पोवाल्याशी घासाघीस केली आहे, त्यामुळे कुठला आकडा फुगवलेला आहे ते तिला कळेल. म्हणून बी.कॉम. वाया गेलं असं अजिबात समजू नका. कलेची आवड असलेले उमेदवार पुष्कळ मिळतात. ताळेबंद वाचता येणारे, देणगीदाराला आणि संस्थेला मिळणाऱ्या करसवलती कशासाठी असतात ते जाणणारे, परदेशी देणग्यांचा कायदा माहीत असलेले फार कमी. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि त्यातून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. पगार साधारण बेताचेच का असतात, त्यातलं एक कारण इथेही आहे.

माझा सल्ला एवढाच, की तिने थेट देणाऱ्याच्या खुर्चीकडे धाव घेऊ नये. आधी तीन-चार वर्षं मागणाऱ्याच्या बाजूला काढावीत : एखाद्या नाट्यसंस्थेचं व्यवस्थापन, महोत्सवाचं निर्मितीकाम, सामाजिक संस्थेत निधी उभारणी. प्रस्ताव स्वतः लिहावेत, ते नाकारले जावेत, हप्ता लांबला म्हणून नटांची समजूत काढावी. हे न करता फाउंडेशनमध्ये गेलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. ती कलाकारांकडून असे तक्ते मागतात, की माणूस तालीम सोडून एक्सेल भरत बसतो. पुढे शिकायचं असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे अभ्यासक्रम पाहावेत, पण कामाचा अनुभव घेऊन मगच.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून हेही. विष्णुदास भाव्यांचं १८४३चं नाटक सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने उभं राहिलं. १८५१मध्ये चिंतामणराव गेले, दरबारचा आधार आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन दौऱ्यावर निघावं लागलं. पैसा एका माणसाच्या मर्जीवर असला की असं होतं. हल्लीच्या काही फाउंडेशनांतही अध्यक्षांची आवड बदलली की कार्यक्रम बंद पडतात आणि कंत्राटं संपतात. मुलाखतीला गेल्यावर निधी कुठून येतो आणि किती वर्षांचा आहे, हे तिने जरूर विचारावं. त्यात संकोच कसला?

वडिलांना सांगा, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तिने खुशाल भरावा. अभ्यास कामी येईल, आणि नोकरी लागली तर संध्याकाळी एखाद्या नाट्यसंस्थेचे हिशोब सांभाळता येतील. सध्या तिच्याकडून एक काम करून घ्या. यंदाच्या एकांकिकेचा जमाखर्च पावत्यांसकट एका फाइलीत लावायला सांगा आणि सोबत दोन पानी टिपण लिहून घ्या : पैसे कुठून आले, कशावर गेले, काय फसलं. पहिल्या मुलाखतीला पदवीपेक्षा ती फाइल जास्त बोलेल.