सिद्धता कळते, पण पटत नाही

प्रश्न: पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क² येते, हे गणिती विगमनाने (१ साठी खरं, आणि क साठी खरं असेल तर क+१ साठीही खरं, असं दाखवण्याची पद्धत) सिद्ध करता येतं. प्रत्येक ओळ समजते, तरी हे असं का होतं ते उमगत नाही. काय करावं?

उत्तर: विगमन खरेपणाची खात्री देतं, कारण दाखवेलच असं नाही. म्हणून आधी कागदावर ठिपके काढा. एक ठिपका काढा. त्याच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन ठिपके द्या. २×२ चा चौरस झाला. आता उजवीकडे २, खाली २, कोपऱ्यात १, म्हणजे ५ ठिपके, ३×३ झाला. पुढच्या थराला ३+३+१ = ७ लागतील. दर वेळी दोन्ही बाजूंना एकेक ठिपका वाढतो, म्हणून थर दोनाने मोठा होतो. विषम संख्या येतात त्या इथून! आता विगमनातली क² + (२क+१) = (क+१)² ही ओळ पुन्हा वाचा. तो २क+१ म्हणजे हाच काटकोनी थर.

मात्र नुसत्या आकृतिबंधावर विसंबू नका. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक जोडी रेषाखंडाने जोडा, कुठेही तीन रेषाखंड आत एका बिंदूत छेदू देऊ नका. १ ते ५ बिंदूंना वर्तुळाच्या आतल्या जागेचे भाग पडतात १, २, ४, ८, १६. सहाव्याला ३२ वाटतात, मोजल्यावर ३१ भरतात. ठिपक्यांच्या आकृतीत पुढचा थर का बसतो ते सांगता येतं. इथे दुप्पट का व्हावी याचं कारण कुणी दिलेलंच नव्हतं. कुठलीही आकृती पाहताना हाच प्रश्न विचारा: पुढची पायरी कशामुळे?