वाचकांचे प्रश्न : झेब्रा मासे काटक असूनही का मरतात?

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला आम्ही दोन फुटी काचेची टाकी आणली. ‘झेब्रा मासा काटक असतो, त्याला काही होत नाही,’ असे दुकानदाराने सांगितल्यामुळे त्याच संध्याकाळी चार झेब्रा सोडले. दर रविवारी मी टाकी पूर्ण रिकामी करून खडे, काच आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. तरीही तीन आठवड्यांत दोन मासे दगावले, आणि उरलेल्या दोघांपैकी एक दुसऱ्याच्या सतत मागे लागलेला असतो. आमचे काय चुकते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण घेतलेले कष्ट पत्रातून स्पष्ट दिसतात, म्हणून सांगताना थोडे जड जाते, पण आपले मासे बहुधा या स्वच्छतेपायीच गेले असावेत. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो व तो थोडासा असला तरी माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर हळूहळू वस्तीला येणारे काही जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या टाकीत ती बसू लागण्याच्या आतच दर रविवारी नळाखाली धुऊन जात होती. शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरिन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते, ते या उपयोगी जिवाणूंना वगळत नाही. मरण्यापूर्वी ते दोन मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत होते का आणि त्यांचे कल्ले लालसर दिसत होते का, हे आठवून पाहावे. तसे असेल तर अमोनियावरील संशय पक्का होतो.

झेब्रा काटक आहे, हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. हा मूळचा आपल्याच उपखंडातला मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि त्याच्या कुळाला दिलेले ‘डॅनिओ’ हे नाव बंगालीतील ‘धानी’, म्हणजे धानाच्या शेतातला, या शब्दावरून आले असे मानतात. संथ ओढे, पाटाचे पाणी आणि भातखाचरांच्या कडा इथे राहणाऱ्या माशाला पाण्याच्या तापमानातले आणि क्षारतेतले चढउतार सोसण्याची सवय असते. अमोनिया सोसण्याची सवय मात्र त्याला नाही, कारण वाहत्या किंवा विस्तीर्ण पाण्यात तो इतका साचतच नाही.

आता करायचे ते असे. टाकी पूर्ण रिकामी करणे आजपासून बंद करावे. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी नळीने ओढून काढावे, नळी खड्यांमधून फिरवली म्हणजे तळाची घाणही निघते. तेवढेच नवे पाणी घालताना दुकानात मिळणारे अँटिक्लोरिन बाटलीवरील प्रमाणात वापरावे. अनेक ठिकाणी पावसाळ्यात पाण्यातील क्लोरिन वाढवले जाते, तेव्हा याबाबत विशेष दक्ष राहावे. स्पंज महिन्याभरात एखादेवेळीच, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळून घ्यावा; तो तपकिरीच राहिला तरी राहू द्यावा. एखाद्या परिचिताची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा, त्याने बरेच दिवस वाचतात.

पाठलागाचे कारण वेगळे आहे. झेब्रा कळपात राहणारा मासा असून कळपात पुढे कोण, मागे कोण हे ठरवण्याची त्यांची चढाओढ अखंड चालू असते. सहा-आठ मासे असले की ती सगळ्यांत वाटली जाते. दोनच उरले की दुबळ्याला दिवसभर पळावे लागते. मात्र नवे मासे लगेच आणू नयेत. चाचणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावर आधी तीन आणि दोन आठवड्यांनी आणखी तीन आणावेत. आपल्या टाकीत साधारण पन्नास लिटर पाणी मावत असेल, त्यात आठ झेब्रा सुखाने राहतात. झाकण घट्ट असावे, कारण हे मासे उडी मारण्यात पटाईत असतात. माझ्या टाकीतला एक झेब्रा फिल्टरच्या वायरीसाठी ठेवलेल्या दोन बोटांच्या फटीतून बाहेर पडला आणि सकाळी केर काढताना कपाटाखाली सापडला.

प्रश्न : नाशिकच्या थंडीत झेब्रांसाठी हीटर लागेल का? सोबत गोल्डफिश ठेवता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पाणी 18 अंशांच्या खाली जात नसेल तर हीटरची गरज नाही, टाकी रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीपासून दूर ठेवणे पुरेसे होते. गोल्डफिश ठेवू नये. तो मोठा होतो, पाणी फार घाण करतो आणि चपळ झेब्रा त्याच्या वाट्याचे खाद्य आधीच फस्त करतात.

प्रश्न : आमच्या झेब्रा मादीचे पोट फुगते आणि पुन्हा उतरते, पण पिल्ले कधीच दिसत नाहीत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मादी अंडी घालते आणि सगळा कळप मिळून ती लगेच खातो. पिल्ले हवी असतील तर वेगळ्या लहान टाकीत तळाला काचेच्या गोट्यांचा थर द्यावा, संध्याकाळी एक फुगीर मादी आणि दोन सडपातळ, सोनेरी झाक असलेले नर त्यात सोडावेत. सकाळी उजेड होताच अंडी पडून गोट्यांच्या फटींत जातात. त्यानंतर मोठे मासे काढून घ्यावेत. अंडी पारदर्शक असतात, भिंगाखाली दुसऱ्या दिवशी आतल्या जिवाचे हृदय धडधडताना दिसते. याच पारदर्शकपणामुळे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत ओरेगॉन येथे हा मासा प्रयोगशाळेत आणला. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि काचेला चिकटून राहतात. ती मोकळी पोहू लागेपर्यंत खायला काहीही घालू नये. पुढे उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, सुईच्या टोकाएवढाच द्यावा, नाहीतर एवढ्याशा टाकीतले पाणी एका रात्रीत नासते.