वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वजन नेमकं किती उतरायला हवं?

प्रश्न : माझी उंची १६० सेंटिमीटर आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेच्या (पोटाचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करतात) दिवशी वजन ११२ किलो होतं, सात महिन्यांनी ८९ आहे. तक्त्याप्रमाणे मी ६४ किलोच्या आत असायला हवी. तिथवर पोहोचायला अजून किती महिने लागतील?

उत्तर : बहुधा तिथवर पोहोचणार नाही, आणि हे आत्ताच ऐकलेलं बरं. तक्त्यातला ६४चा आकडा फक्त तुमच्या उंचीवरून येतो. तुम्ही कुठून निघालात, हे त्या तक्त्याला ठाऊकच नाही.

हिशोब सुरुवातीच्या वजनापासून करा. स्लीव्हनंतर मूळ वजनाच्या सरासरी पाव भागाएवढी घट होते, गॅस्ट्रिक बायपासनंतर (यात पोटाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) ३० टक्क्यांच्या आसपास. ११२चा पाव भाग २८, म्हणजे सरासरीने तुमचं वजन ८४च्या जवळ स्थिरावेल. ६४च्या वरच्या ४८ किलोंपैकी २८ गेले, तर जादा वजनातलं जवळजवळ ५८ टक्के उतरलं. निम्मं जादा वजन उतरलं की शस्त्रक्रिया यशस्वी, असं मानायची जुनी पद्धत आहे. तुमचे २३ किलो आत्ताच गेलेत, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या अगदी दारात आहात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसं असतात, त्यामुळे ७८ही होऊ शकेल आणि ८८ही. घट साधारण १२ ते १८ महिने चालते, पण शेवटच्या महिन्यांत ती अगदी धिमी होते.

म्हणून एक आकडा न धरता पट्टा धरा, उदाहरणार्थ ८२ ते ८६. त्याच्या शेजारी वजनकाट्यावर न दिसणारी दोन-तीन उद्दिष्टं लिहा : रक्तदाबाची गोळी कमी होणं, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सुधारणं, न थांबता दोन जिने चढणं. औषधं मात्र स्वतः कमी करू नका. वजन उतरताना रक्तदाबाचे आणि साखरेचे जुने डोस जास्त पडू लागतात, चक्कर येते, साखर खाली जाते. ते डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात.

प्रश्न : पहिल्या दोन आठवड्यांत सात किलो उतरले आणि तिसऱ्या आठवड्यात काटा हललाच नाही. दिवसभरात जेमतेम वाटीभर खातो. काय चुकलं?

उत्तर : काही नाही. सुरुवातीचं वजन भराभर उतरतं, कारण शरीर साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरून टाकतं. त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. पुढे पाण्याचा तोल सावरताना काटा एक-दोन आठवडे थांबतो. चरबी या काळातही जळत असते. कमरेचं माप घेतलंत तर ते कमी झालेलं दिसण्याची शक्यता आहे.

अशा वेळी खाणं आणखी कमी करायचा मोह होतो. तो टाळा, कारण प्रथिनं कमी पडली की चरबीऐवजी स्नायू झिजतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि दीड लिटर द्रव, एवढंच सध्याचं लक्ष्य. सुरुवातीला तेही एकदम जमत नाही, आहारतज्ज्ञांनी दिलेल्या टप्प्यांनी वाढवत न्या. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. रोज काट्यावर उभं राहणं म्हणजे मिठाचे आणि पाण्याचे चढउतार मोजत बसणं.

प्रश्न : बायपासला अडीच वर्षं झाली. ११० वरून ७४ पर्यंत आले होते, आता ७९ आहे. पाउच, म्हणजे पोटाची ती छोटी पिशवी, ताणला गेला का? पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल?

उत्तर : इतक्यात तो विषय नको. तळ गाठल्यावर थोडं वजन परतणं हा नियमच म्हणा. स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या मोठ्या पाहणीत बायपास केलेल्यांची घट पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांपर्यंत गेली होती, दहा वर्षांनी ती २५ टक्के राहिली. तुमची आजची घट २८ टक्के आहे. तरीही पाच किलो 'चालायचंच' म्हणून सोडू नका, इथे थांबवणं दहा किलोंवर थांबवण्यापेक्षा फार सोपं असतं.

पाउच आणि त्याचं तोंड काही जणांत सैल होतं, पण पहिला संशय दिवसभर तोंड चालू असण्यावर घ्यावा. एका बैठकीत तुम्ही आजही थोडंच खाता. मात्र बिस्किट, चॉकलेट, आइस्क्रीम, गोड पेय यांना पाउच अडवत नाही. ती विरघळतात आणि सरळ खाली सरकतात. चार दिवस तोंडात गेलेला प्रत्येक घास आणि घोट वेळेसकट लिहा. जेवणांच्या मधल्या ओळी मोजा, उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मद्याचाही हिशोब त्यात धरा. बायपासनंतर ते झपाट्याने चढतं आणि त्याच्या आहारी जाण्याचा धोकाही वाढतो.

मग जेवण पुन्हा मूळ शिस्तीवर आणा. छोटी ताटली, आधी प्रथिनं (अंडी, मासे, डाळी, पनीर), मग भाजी, उरलेल्या जागेत धान्य. प्रत्येक घास पेस्ट होईपर्यंत चावायचा आणि तो गिळेपर्यंत चमचा खाली ठेवायचा. २० ते ३० मिनिटांत जेवण संपवायचं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. पोट भरल्याची खूण अनेकांना पोटात कळतच नाही : एकदम नाक गळू लागतं, उचकी किंवा शिंक येते. ती आली की पुढचा घास ताटातच राहू द्या. त्याच एका घासाने छातीत दाटतं आणि उलटी होते.

आठवड्याला निदान १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम हवा. हलक्या झालेल्या शरीराला इंधनच कमी लागतं, त्यामुळे स्नायू टिकवणं गरजेचं. एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर तपासणीला जा. थायरॉइड आणि वजन वाढवणारी चालू औषधं (स्टिरॉइड, काही नैराश्याच्या गोळ्या) पाहिली जातील, गरज वाटली तर दुर्बिणीने पाउचही. भूक आवरणारी औषधं हाही पर्याय आहे.

प्रश्न : रक्ताचे अहवाल चांगले आले. आता व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या तर?

उत्तर : अहवाल चांगले आलेत ते गोळ्यांमुळेच. त्या आयुष्यभराच्या आहेत. शरीरातला बी-१२चा साठा सावकाश संपतो, त्यामुळे बंद केल्यावर बराच काळ काही जाणवत नाही आणि मग हातापायांना मुंग्या येऊ लागतात. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून डोस विभागून घ्या. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब ठेवा. विसरायला होत असेल तर गोळ्या कपाटात न ठेवता रोजच्या एखाद्या कामाला जोडा, उदाहरणार्थ लोह रात्री दात घासण्याआधी. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, बायपासनंतर जोडणीपाशी व्रण होऊ शकतो. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर थेट रुग्णालय गाठा. तिथे सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१) द्यायला हवं, म्हणून शस्त्रक्रिया झाल्याचं दारातच सांगा.